रेल्वे स्थानक वाहनतळ

रेल्वे स्थानक वाहनतळ म्हणजे प्रवाशांना आपली वाहने दिवसभर ठेवून पुढील प्रवास रेल्वेने करता यावा, यासाठी स्थानकालगत उभारलेली व्यवस्था होय. जागा अपुरी असेल तेथे असा वाहनतळ बहुमजली बांधला जातो.

रचना

बाजारपेठेतील वाहनतळावर दिवसभर ये-जा चालू असते. स्थानकावर मात्र सकाळी वाहने एकामागून एक येतात आणि सायंकाळी गाडी आली की एकदमच बाहेर पडतात. त्यामुळे एकूण क्षमतेइतकेच महत्त्व प्रवेशद्वारे व चढउतार यांना असते. पादचारी मार्ग वाहनांच्या वाटेपासून वेगळा ठेवतात. अपंग व्यक्तींच्या वाहनांसाठी ३.६ मीटर रुंदीची जागा प्रवेशद्वाराजवळ राखतात. मजल्यांच्या बाजू मोकळ्या ठेवल्यास उजेड व वायुवीजन नैसर्गिकरीत्या मिळते. मजले सपाट ठेवल्यास पुढे त्यांचा अन्य उपयोगही करता येतो.

जागेचे गणित

महाराष्ट्राच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार मोटारीसाठी २.५ × ५ मीटर, तर दुचाकीसाठी १ × २ मीटर जागा धरली जाते. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशोबाने एका मोटारीची जागा सुमारे सहा दुचाकींच्या जागेइतकी असते. ये-जा करण्याची वाट धरल्यास एका मोटारीला याहून बरीच अधिक जागा लागते. नेदरलँड्समधील उट्रेख्त स्थानकाजवळ २०१९ मध्ये पूर्ण झालेला वाहनतळ केवळ सायकलींसाठी असून त्याची क्षमता सुमारे १२,५०० आहे.

जुन्नर व आंबेगाव

पुणे जिल्ह्यातील या दोन्ही तालुक्यांत रेल्वेमार्ग नाही. पुण्याकडे जाणारे प्रवासी पुणे–नाशिक महामार्गावर, तर कल्याणकडे जाणारे माळशेज घाटमार्गावर अवलंबून असतात. सुमारे २३५ किलोमीटर लांबीच्या नियोजित पुणे–नाशिक अर्धद्रुतगती रेल्वेच्या मूळ आखणीत मंचर व नारायणगाव ही स्थानके होती. तथापि खोडद येथील जीएमआरटी या दुर्बिणीच्या ३० अँटेना अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात आणि रेल्वेमुळे त्यांत व्यत्यय येण्याची शक्यता असते. या कारणाने केंद्र शासनाने शिर्डी व अहिल्यानगरकडून जाणारा पर्याय पुढे आणला.

या भागात स्थानक झाल्यास वाहनतळाचा आराखडा शहरी नमुन्याहून वेगळा ठेवावा लागेल. कुकडी प्रकल्पामुळे येथील बरीच जमीन बागायती आहे. विस्तीर्ण सपाट वाहनतळासाठी ती घेतल्यास शेतकऱ्याचे उत्पन्नाचे साधन जाते, तर बहुमजली बांधकामाचा खर्च मोठा असतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे जाणाऱ्या मालवाहू गाड्यांची वाट प्रवाशांच्या वाटेपासून वेगळी राखणे आवश्यक ठरते. पश्चिमेकडील आदिवासी गावांतील अनेक प्रवासी एस.टी. अथवा जीपने येतात. त्यांच्यासाठी वाहनतळापेक्षा फलाटाजवळचा थांबा अधिक उपयोगी आहे.

सद्यःस्थितीत महामार्गाने पुण्याकडे येणाऱ्यांना नाशिक फाटा येथे मेट्रो व नजीकच्या कासारवाडी स्थानकावर उपनगरी रेल्वे मिळते.

हेही पाहा

पुणे मेट्रो
पुणे–नाशिक अर्धद्रुतगती रेल्वे
जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप