गाण्यापायी कॉलेज सुटलेली पोरं

‘वंदे मातरम’ची १५० वर्षं साजरी करायला सुरुवात झालीय. ७ नोव्हेंबर १८७५ हा बंकिमचंद्रांनी गीत रचल्याचा दिवस मानतात, म्हणून २०२५ च्या ७ नोव्हेंबरपासून वर्षभर देशभर कार्यक्रम ठरले. विद्यापीठांत, कॉलेजांत सामूहिक गायन झालं. आमच्याकडेही झालं. माझ्याकडे चार कॉलेजांच्या चार प्रेसनोट आल्या. मजकूर एकच, प्राचार्यांचं नाव तेवढं वेगळं. चारही छापल्या.

पण एकाही प्रेसनोटमध्ये १९३८ साल नव्हतं. मराठवाड्यातल्या कॉलेजांनी ‘वंदे मातरम’चा उत्सव करायचा आणि १९३८ चं नाव काढायचं नाही, म्हणजे नवरदेवाला घरी ठेवून वरात काढण्यासारखं आहे. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

तेव्हा आपण हैदराबाद संस्थानात होतो. सोळा जिल्ह्यांचं संस्थान, त्यातले मराठवाड्याचे पाच : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. लातूर, जालना, हिंगोली हे जिल्हे नंतरचे. सातवा निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आणि सर अकबर हैदरी दिवाण. इकडच्या पोराला मॅट्रिकच्या पुढे शिकायचं तर इंटरपर्यंत औरंगाबादचं कॉलेज आणि त्याच्या पुढे हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ. औरंगाबादचं कॉलेजही उस्मानियाचंच. किलेअर्कमधलं आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच.

उस्मानियाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण आपल्याकडे निजामाचं काहीही असलं की ते वाईटच, असं बोलायची सवय लागलीय. १९१८ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं पहिलं. विज्ञान, कायदा, डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून. त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं होतं. आज मराठीतून मेडिकल शिकवता येईल का, यावर आपण टीव्हीवर तासतासभर भांडतो. तिथं ते शंभर वर्षांपूर्वी चालू झालं होतं. दुसरी बाजू अशी, की संस्थानातली बहुतेक प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलायची. ज्या उर्दूसाठी एवढी मेहनत घेतली ती थोड्या लोकांच्या घरातली भाषा. विद्यापीठ मोठं होतं, पण ते आपलं आहे असं आपल्या पोराला वाटत नव्हतं.

आता १९३८. सप्टेंबरमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहायच्या आधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानलांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. चार-पाच दिवसांच्या आत स्वामी रामानंद तीर्थही तुरुंगात. आर्य समाजाचं आणि हिंदू महासभेचं आंदोलन वेगळं चालू होतंच. बाहेर एवढं पेटलेलं असताना वसतिगृहातली अठरा-वीस वर्षांची पोरं गप्प बसतील?

वसतिगृहात हिंदू विद्यार्थ्यांची प्रार्थनेची खोली होती. तिथं संध्याकाळच्या प्रार्थनेत मुलं ‘वंदे मातरम’ म्हणू लागली. नोव्हेंबरात औरंगाबादला आणि हैदराबादला, दोन्हीकडे हे घडलं. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी ऐकलं नाही, वर्ग बंद पडले. मग विद्यापीठाने वसतिगृहातून काढलं आणि पाठोपाठ नावंच कमी केली. एकट्या उस्मानियातून काढलेल्यांचा आकडा साडेतीनशेच्या घरात सांगतात. इतर कॉलेजं धरून तो आणखी वाढतो. आकडा पुस्तकागणिक बदलतो, पण शेकड्यांत होता याबद्दल कुणाचं दुमत नाही.

साडेतीनशे म्हणजे किती, हे आजच्या कॉलेजच्या पटावरून मोजू नका. त्या काळात एका तालुक्यातून हैदराबादला शिकायला गेलेली पोरं बोटांवर मोजण्याइतकी. एखाद्या घराने जमिनीचा तुकडा गहाण टाकून पोराला पाठवलेलं असायचं. त्याचं नाव कमी झालं की त्या घराचा वकील गेला, मास्तर गेला, तहसील कचेरीतला कारकून गेला. माफी लिहून दिली की परत जाण्याचा रस्ता होता. बहुतेकांनी तो धरला नाही.

सरकारचं म्हणणंही सांगतो, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. सरकार म्हणत होतं, प्रार्थनेला आमची ना नाही, पण हे गीत प्रार्थना नव्हे, हे राजकारण आहे आणि त्याने मुसलमान विद्यार्थ्यांची मनं दुखावतात. हा वाद हैदराबादेत जन्मलेला नाही. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये विष्णु दिगंबर पलुस्कर ‘वंदे मातरम’ गायला उभे राहिले, तेव्हा खुद्द अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली होती. पलुस्कर तरीही गायले. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोन कडवी गावीत असा मार्ग काढला. म्हणजे आपल्या पोरांचं प्रकरण घडलं ते या निर्णयानंतर वर्षभराने. देशभर चर्चा ताजी होती आणि निजामाच्या सरकारला तीच सबब झाली. सबब म्हणतो, कारण त्याच महिन्यांत स्टेट काँग्रेसलाही जातीय ठरवून बंद केलेलं होतं. संघटनेवरही बंदी आणि गाण्यावरही, आणि दोन्हींना कारण जवळपास एकच.

गाणं आणि शाळा-कॉलेज यांचं हे भांडण त्याहूनही जुनं. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा इंग्रज सरकारने कार्लाईल परिपत्रक काढलं. ज्या शाळेची मुलं आंदोलनात दिसतील तिचं अनुदान बंद, शिष्यवृत्त्या बंद. त्या तडाख्यातून बंगालमध्ये राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ उभी राहिली, अरविंद घोष प्राचार्य असलेलं नॅशनल कॉलेज निघालं, आणि आजचं जादवपूर विद्यापीठ त्याच मुळाचं. एका परिपत्रकातून विद्यापीठ जन्माला येतं ते असं. आजची परिपत्रकं ‘गायन करून फोटो अपलोड करावेत’ म्हणतात. त्यातून काय जन्माला येईल ते बघू.

परत आपल्या पोरांकडे. शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर शेकडो विद्यार्थी बाहेर. जायचं कुठं? दुसऱ्या विद्यापीठाने काढलेल्या मुलाला कुणी सहजासहजी घेत नाही, आजही नाही. आणि २४ डिसेंबरला तर गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने सत्याग्रहच थांबवला. नेते तुरुंगात, चळवळ थांबलेली, वर्ष वाया चाललेलं.

दार उघडलं नागपूर विद्यापीठाने. १९२३ साली सुरू झालेलं, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचं विद्यापीठ. कुलगुरू होते टी. जे. केदार. मध्य प्रांत-वऱ्हाडात तेव्हा काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं, रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते. वारा अनुकूल होता हे खरं. तरी शेजारच्या संस्थानाने बंडखोर म्हणून काढलेल्या मुलांना सरसकट प्रवेश देणं ही काही किरकोळ गोष्ट नव्हती. केदारांचं नाव मराठवाड्यात किती जणांना माहीत आहे? मला वाटतं, एखाद्या कॉलेजच्या वाचनालयाला तरी ते असायला हवं होतं.

यातली अडचण कुणी फारशी सांगत नाही. ही मुलं शास्त्र, इतिहास, गणित उर्दूतून शिकलेली. इंग्रजी हा विषय उस्मानियात सक्तीचा होता, पण तो एकच. नागपूरला सगळं इंग्रजीतून. कालपर्यंत ज्या संज्ञा उर्दूत पाठ केल्या त्या पुन्हा इंग्रजीत पाठ करायच्या, परक्या गावात राहायचं, खानावळीचे पैसे जमवायचे. गाणं म्हणायला काही मिनिटं लागली, त्याची किंमत पुढची दोन-तीन वर्षं मोजावी लागली.

या मुलांत वरंगळकडचा एक सतरा वर्षांचा तेलुगू मुलगाही होता, पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. त्याने पुढे नागपूर विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. मराठी इतकी आपलीशी केली की हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी तेलुगूत नेली. १९८४ आणि १९८९ मध्ये नागपूरच्या शेजारच्या रामटेकमधून ते लोकसभेवर गेले आणि १९९१ मध्ये पंतप्रधान झाले. आपल्याकडे नरसिंह राव म्हटलं की आर्थिक सुधारणा आणि बाबरी एवढंच आठवतं. वंदे मातरमच्या चळवळीतली ही कहाणी त्यांच्या स्वतःच्या पक्षालाही फारशी आठवत नाही.

परवाच्या एका कार्यक्रमात एका वक्त्याने ही चळवळ हिंदू विरुद्ध मुसलमान अशी दोन वाक्यांत संपवली. टाळ्या पडल्या. माझ्या मते ते अपुरं आहे. त्याच उस्मानियातून मखदूम मोहिउद्दीन शिकून निघाले आणि निजामशाहीविरुद्ध उभे राहिले. आणि आम्हा पत्रकारांना तर ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान विसरून चालणारच नाही. हैदराबाद भारतात विलीन व्हावं असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. पोलीस ॲक्शनला तेव्हा महिनाही उरला नव्हता. तो लढा राजवटीविरुद्धचा होता. त्यात धर्माचा रंग नव्हता असं नाही, पण तो एवढाच रंग नव्हता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देशात झेंडे लागले, आपल्याकडे ते सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ ते १७ तारखेच्या कारवाईनंतर. म्हणून आपल्याला दोन स्वातंत्र्यदिन. त्यानंतरही दहा वर्षं मराठवाड्यातली कॉलेजं उस्मानियालाच जोडलेली राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालयसुद्धा. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याच्या नावासाठी घरं जळली, माणसं गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं विद्यापीठ निघालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने. ज्या माणसाला १९३८ मध्ये आत टाकलं त्याच्या नावाचं विद्यापीठ आज परिपत्रकं काढतं.

आता कामाचं. उत्सव वर्षभराचा आहे. रांगोळी स्पर्धा, पोस्टर स्पर्धा होतीलच, होऊ द्या. पण जुन्या कॉलेजांनी आणि शाळांनी एवढं करावं, की गोदामातली १९३५ ते १९४२ ची प्रवेश रजिस्टरं, शेरेबुकं, दाखल्यांची स्थळप्रत बाहेर काढावी. बऱ्याच नोंदी उर्दूत, शिकस्ता लिपीत असतील. वाचणारी माणसं दर वर्षी कमी होताहेत. आमच्या गावात अशी दोघं आहेत, दोघंही ऐंशीच्या पुढची. वाळवीला परिपत्रक लागत नाही, तिचं काम रोज चालू असतं. इतिहास विभागाच्या दोन विद्यार्थ्यांना महिनाभर या कामाला बसवलं तर तालुक्याची यादी तयार होईल.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांचं १९३९ ते १९४२ च्या दरम्यानचं नागपूर विद्यापीठाचं प्रमाणपत्र असेल, ट्रंकेत, देवघराच्या वर, फ्रेममध्ये, कुठंही, तर त्याचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. उस्मानियाचं नाव कमी केल्याचं पत्र असेल तर फारच उत्तम. मागच्या बाजूचाही फोटो काढा, कधी कधी गावाचं नाव तिथं लिहिलेलं असतं. प्रकाश खिडकीचा घ्या, फ्लॅश मारू नका, जुनी शाई उमटत नाही. मी नावं तालुकावार लावतोय. सध्या वहीत फक्त अकरा आहेत.