डाव पैशाचा, शब्द स्वतःचा

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे आणखी एक जुने नाव आहे : द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळली, पार्वती जिंकली आणि शंकर हरला, अशी पुराणकथा सांगतात. तिचा आधार घेऊन, एरवी पत्त्यांना हात लावू न देणारी वडीलधारी मंडळीही त्या रात्री चार पैशांचा डाव खुशाल मांडू देतात. डाव घरचा, पैसे किरकोळ. तरी वाटताना खालचे पान कोणी पाहिले यावरून रुसवे-फुगवे होतातच! रक्कम थोडी असो वा फार, पैसा पटावर आला की खेळाबरोबर माणसाचीही परीक्षा सुरू होते.

या परीक्षेचा एक मोठा गमतीचा इतिहास गोंदियाच्या शेजारी घडला आहे. गोंदिया जंक्शनवरून सातपुड्याच्या जंगलातून जबलपूरला जाणारी छोटी गाडी पुष्कळांना आठवत असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेली ती अरुंद वाट आता रुंद झाली आहे. सुमारे २३० किलोमीटरांच्या या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, ती होण्याच्या आधी जवळजवळ तीस वर्षे, स्नूकर हा खेळ जन्माला आला.

साल १८७५. जबलपूरच्या छावणीत डेव्हनशायर रेजिमेंटचा मुक्काम होता. मेसमध्ये बिलियर्डचे टेबल होते आणि बाहेर पावसाळा. अधिकारी वेळ घालवण्यासाठी खेळत, आणि खेळत ते पैशानेच. त्यांच्या एका खेळाचे नावच मुळी ‘पूल’, म्हणजे सर्वांनी मिळून जमवलेली गंगाजळी. प्रत्येकाने सारखी रक्कम घालायची. प्रत्येकाचा चेंडू निराळ्या रंगाचा आणि प्रत्येकाला तीन ‘जीव’. ज्याचा चेंडू खिशात गेला त्याचा एक जीव गेला आणि मारणाऱ्याला ठरलेले पैसे द्यावे लागले. भलत्याच चेंडूवर मारले तरी जीव गेलाच. शेवटी जो उरला, गंगाजळी त्याची. दुसऱ्या एका खेळात पंधरा तांबडे चेंडू असत. तरुण अधिकारी नेव्हिल चेंबरलेन (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो हा नव्हे) याने या दोहोंची मोट बांधली आणि तांबड्यांत रंगीत चेंडू मिसळले. लष्करी शाळेतील नवशिक्या पोरांना तेव्हा ‘स्नूकर’ म्हणत. एकाचा सोपा नेम चुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला तेच नाव ठेवले आणि मग, या खेळात आपण सारेच नवशिके, अशी सारवासारवही केली. ही हकीकत त्याने स्वतःच म्हातारपणी, १९३८ साली, लिहून कळवली. १८८२ साली उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम लागले.

या टेबलावर अंगरख्याची बाही चेंडूला निसटती लागली, तरी तो दोष. पण तो दिसतो कोणाला? गुण मोजायला क्लबांतून ‘मार्कर’ असे; तो बहुधा आपला देशी नोकर. ‘साहेब, आपला हात लागला,’ असे म्हणण्याची हिंमत त्याने कोठून आणावी? तेव्हा सांगायचे ते ज्याचे त्यानेच. आपली चूक आपण होऊन बोलून दाखवावी, हा या खेळाचा संकेत आजही चांगले खेळाडू पाळतात.

कायद्यानेही येथे हात वर केले आहेत. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात, जो त्या वेळच्या मध्यप्रांतात, म्हणजे गोंदियाच्या मुलखातही, लागू होता, निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले होते. मुंबईच्या १८८७ च्या कायद्यातही तसेच. कौटिल्याची रीत याच्या उलट. त्याने द्यूतावर अध्यक्षच नेमला, फासे सरकारी ठेवले, ते बदलणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेतले. फाशाची राखण राजाला करता येते. माणसाच्या मनाची कशी करणार?

कारण सर्वच लबाडी नियम मोडून होत नाही. आपले कसब लपवून आधी दोन डाव हरायचे आणि मग पैज वाढवायची, यात एकही नियम मोडत नाही. हस्तिनापुरात पण दुर्योधनाचा आणि फासे टाकणारा शकुनी! एकाने दुसऱ्यासाठी खेळणे विषम आहे, हे युधिष्ठिराने त्याच वेळी बोलून दाखवले होते. तरी तो पटावर बसला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या विदर्भाची लेक दमयंती, तिच्या पतीची कथा मात्र निराळी. पुष्कराशी खेळताना नल राज्य हरला. पुढे ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून तो परतला आणि एकाच डावात सारे जिंकला. ही नवी विद्या त्याने पुष्कराला आधी सांगितली नाही, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. पण जिंकल्यावर त्याने भावाला जीवदान दिले, त्याचा वाटा परत केला आणि त्याला आलिंगन देऊन सन्मानाने घरी पाठवले. पुष्कराने पूर्वी जिंकले तेव्हा दमयंतीलाच पणाला लावण्याची भाषा केली होती. डाव तोच; जिंकणारे दोन, आणि दोघांत केवढे अंतर!

कौशल्याच्या या खेळात पैशावाचूनही केवढी उंची गाठता येते, हे पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी दाखवले. १९५८ साली कलकत्त्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते बिलियर्डचे हौशी जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळातील भारताचे हे पहिले जगज्जेतेपद.

तेव्हा यंदाच्या पाडव्याला डाव जरूर मांडावा. रक्कम आधी ठरवावी, ती सर्वांना परवडेल अशीच असावी. आणि खालचे पान चुकून दिसलेच, तर शेजारच्याने बोट दाखवण्याआधी आपणच म्हणावे : ‘माझे चुकले, पुन्हा वाटा.’ ती चार नाणी दुसऱ्या दिवशी मुलांच्या खाऊला जातील. हे वाक्य मात्र ती मुले जन्मभर विसरणार नाहीत.