खांदेरीची लॉग फाइल

तर झालं असं, की गेल्या महिन्यात लागून दोन दिवस सुट्टी मिळाली आणि कुणीही प्रॉडक्शन इश्श्यू म्हणून फोन केला नाही. असा योग वारंवार येत नाही. लगेच पिशवी भरली आणि अलिबाग गाठलं. मुंबईकरांसाठी अलिबाग म्हणजे किनारा, मासे आणि परतीचं ट्रॅफिक. माझा बेत मात्र वेगळा होता. मुक्काम अलिबागला, आणि तिथून पाण्यातले किल्ले पाहायचे.

शनिवारी ओहोटीत चालत चालत कुलाब्याला जाऊन आलो. तो किल्ला सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. खरं आकर्षण रविवारचं होतं. अलिबागच्या उत्तरेला थळ नावाचं बंदर आहे. त्याच्या समोर समुद्रात दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, लांबचं खांदेरी.

एका होडीवाल्या दादांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवलं होतं. मी मोबाइलमध्ये भरतीचं वेळापत्रक उघडलं, तर ते हसले. म्हणाले, "उद्या षष्ठी. साडेचारला भरती." त्यांचं गणित साधं आहे. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. सहाची पाऊणपट साडेचार. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे साडेदहाच्या सुमाराला थळच्या धक्क्यापाशी पाणी नसणार. "साडेआठला बेटावरून निघायचं हां. पानी कुनासाठी थांबत नाय."

सकाळी खांदेरीवर उतरलो. तटबंदी, चाकांच्या लोखंडी गाड्यांवर अजून उभ्या असलेल्या तोफा, वेताळाचं देऊळ, दगडाने वाजवला की भांड्यासारखा आवाज देणारा तो प्रसिद्ध खडक आणि १८६७ सालचं दीपगृह. सगळं पाहून तटावर बसलो आणि उत्तरेकडे बघितलं. मुंबई इथून साधारण २० किलोमीटर. बंदरात जाणारी-येणारी जहाजं समोरून जात होती. हे बेट शिवाजी महाराजांना का हवं होतं, ते पुस्तकात शोधायची गरजच उरत नाही!

१६७२ मध्ये एक प्रयत्न होऊन थांबला होता. ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं घेऊन या ओसाड बेटावर उतरला आणि भिंत बांधायला लागला. मुंबईचे इंग्रज हादरले. त्यांनी बेटावर आपला हक्क सांगितला, निघून जायला सांगितलं. मायनाक हलला नाही. मग इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला.

आता वेढा म्हणजे काय? बाहेरून दगड, धान्य, माणसं आत जाऊ द्यायची नाहीत. कागदावर सोपं आहे. पण मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री काठाकाठाने यायच्या, सामान उतरवायच्या आणि उजाडायच्या आत परत जायच्या. वारा पडला की शिडाचं जहाज जागच्या जागी; वल्ह्यांच्या होडीला वाऱ्याशी देणंघेणं नाही. १८ ऑक्टोबर १६७९ ला दौलतखानाच्या आरमाराने उघड हल्ला केला. इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब मराठ्यांनी पकडली. 'रिव्हेंज' या जहाजाने मात्र तोफांच्या जोरावर मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीकडे मागे रेटलं. म्हणजे त्या दिवसाचा विजेता कोण, यावर वाद घालता येईल. भिंतीवर वाद नाही. ती वाढतच राहिली. पुढे सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला, जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारच्या उंदेरीवर आपली तटबंदी सुरू केली, आणि इंग्रज वेढा उठवून गेले. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

हे सगळं तटावर बसून मित्राला सांगण्याच्या नादात (आणि फोटो काढण्याच्या) आम्हाला एक तास उशीर झाला :) दादा काही बोलले नाहीत. थळ जवळ आलं आणि होडी चिखलात रुतली. "उतरा आता," एवढंच म्हणाले. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत, आणि पुढचा रस्ता चिखलातून. त्या चिखलात मला खांदेरीची लढाई पहिल्यांदा नीट समजली. दादांची एवढीशी होडी जिथे अडते, तिथे खोल बुडाचं जहाज काय येणार? आणि कुठल्या तिथीला, कुठल्या वाटेने किती पाणी असतं, हे ठाऊक असलेली माणसं कुणाच्या बाजूला होती?

आता मला खुपणारी गोष्ट. या लढाईचा दिवसागणिक तपशील आपल्याला मुख्यतः इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून मिळतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम आपली होती, पण लॉग फाइल समोरच्याच्या सर्व्हरवर! काळोखात होडी निसटली की मुंबईचा अधिकारी वैतागून सुरतेला कळवणार, म्हणून ती आपल्याला माहीत. मायनाक आणि दौलतखान ही नावं उरली. दगड वाहणाऱ्या, वल्हं मारणाऱ्या माणसांनी मागे काय ठेवलं? एक भिंत, आणि पाऊणपटीचं गणित.

२०२५ मध्ये खांदेरीचं नाव मराठा किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आनंद आहेच. पण भिंत आता कुणीतरी सांभाळेल. ते गणित कुठल्याच यादीत नाही, आणि दादांचा मुलगा मुंबईत नोकरी शोधतोय.

असो. अलिबागला गेलात तर एक दिवस थळसाठी ठेवा. तिथी बघून जा. आणि होडीवाल्याने साडेआठ म्हटलं की साडेआठलाच निघा.