इस्माईल, एडना अदान

(८ सप्टेंबर १९३७ – ). सोमालीलँडमधील परिचारिका, प्रसविका आणि स्त्री-आरोग्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या. जन्म हार्गेसा येथे. वडील अदान इस्माईल डॉक्टर होते. त्यांच्या रुग्णालयात चिमटे धुणे, चादरी फाडून पट्ट्या करणे अशी कामे एडना लहानपणीच शिकल्या. ब्रिटिश सोमालीलँडमध्ये मुलींना शाळा नव्हती, म्हणून शिक्षण जिबूतीत झाले. १९५४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या ब्रिटनला गेल्या आणि तेथे परिचर्या व प्रसूतिशास्त्र शिकल्या. १९६१ मध्ये परतल्या तेव्हा त्या आपल्या मुलखातील पहिल्या प्रशिक्षित परिचारिका-प्रसविका होत्या. बाईला सरकारी नोकरी द्यायची कशी, या घोळात त्यांना बराच काळ बिनपगारी राबावे लागले.

एडना सात-आठ वर्षांच्या असताना, वडील घरी नसलेले पाहून, आई व आजीने त्यांची सुंता करवली होती. वडिलांना हे कळल्यावर ते अतिशय संतापले. या प्रथेच्या सर्वांत कठोर प्रकारात मुलीचे जननांग कापून मार्ग जवळजवळ शिवून टाकतात. पुढे बाळंतपणात तो व्रण ताणला जात नाही आणि बाळ अडते. सुईणीने तो वेळीच उसवला नाही, तर बाळ गुदमरते, आईचा जीवही रक्तस्रावाने जाऊ शकतो. एडनांनी हे खाटेपाशी उभे राहून वर्षानुवर्षे पाहिले. १९७६ मध्ये त्या या प्रथेविरुद्ध जाहीरपणे बोलल्या. ज्या विषयाचा घरातही उच्चार होत नसे, तो सभेत मांडण्याचे हे धैर्य असामान्य होते. इस्लाममध्ये या प्रथेला आधार नाही, हे त्यांनी कायम ठासून सांगितले.

१९६७ ते १९६९ या काळात त्यांचे पती महंमद हाजी इब्राहिम इगाल सोमालियाचे पंतप्रधान होते. लष्करी अधिकारी सियाद बारे यांनी सत्ता बळकावल्यावर इगाल तुरुंगात गेले. एडनांनी पुढे जागतिक आरोग्य संघटनेत काम केले आणि जिबूतीत तिच्या प्रतिनिधी म्हणून जबाबदारी सांभाळली.

बारे यांच्या राजवटीने १९८८ मध्ये केलेल्या बाँबफेकीत हार्गेसा उद्ध्वस्त झाले होते. प्रशिक्षित परिचारिका मेल्या किंवा परागंदा झाल्या. आरोग्य संघटनेतून निवृत्त होऊन एडना तेथे परतल्या. मोटार, दागिने विकून आणि निवृत्तिवेतन ओतून त्यांनी प्रसूतिगृह उभारायला घेतले. मिळालेली जागा कचरा टाकण्याची होती. सोमालियापासून वेगळ्या झालेल्या सोमालीलँडला तेव्हा आंतरराष्ट्रीय मान्यता नसल्याने परदेशी मदतही सहजी येत नव्हती. ९ मार्च २००२ रोजी एडना अदान प्रसूतिगृह सुरू झाले. पुढील चार वर्षांत तेथे आलेल्या सुमारे ४,००० स्त्रियांच्या पाहणीत ९७ टक्के स्त्रियांची सुंता झालेली आढळली.

इमारतीपेक्षा मोठे काम मात्र शिकवण्याचे. प्रसूतिगृह उघडण्याआधीच त्यांनी परिचारिकांचा वर्ग सुरू केला होता. एक हजार सुईणी तयार करून दूरच्या वस्त्यांवर पाठवायच्या, हे त्यांचे उद्दिष्ट. अडलेल्या बाईला शहरापर्यंत आणायला गाडी मिळेलच असे नाही, म्हणून शिकलेले हात तिच्या वस्तीवरच हवेत, असा त्यामागचा विचार. या वर्गातूनच पुढे एडना अदान विद्यापीठ उभे राहिले. २००३ ते २००६ त्या सोमालीलँडच्या परराष्ट्रमंत्री होत्या. २०२३ मध्ये त्यांना टेंपलटन पुरस्कार मिळाला. त्यातील रक्कमही त्यांनी रुग्णालयाच्या कामाकडे वळवली. त्यांचे राहते घर रुग्णालयाच्या आवारातच आहे.