म्हणींतील इतिहास

श्रोतेहो, 'आडांत नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार?' ही म्हण आपण सर्वांनीं आजीच्या तोंडून ऐकली आहे. परंतु आडांत पोहरा सोडून पाणी शेंदलेलीं माणसें आतां थोडीं राहिलीं. पलूस तालुक्यांतच किर्लोस्करवाडी आहे. औंध संस्थानांतील ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं 1910 सालीं ती वसविली. तेथें लोखंडी नांगर झाले, पुढें पाण्याचे पंप झाले. पंपानें पोहऱ्यास आणि मोटेस रजा दिली. म्हणीस मात्र ती देतां आली नाहीं.

म्हण ही वस्तूपेक्षां दीर्घायुषी असते. म्हणूनच ती इतिहासाचें साधन ठरते. 'विश्वास तर पानिपतावरच गेला' असें म्हणणाऱ्या गृहिणीस 14 जानेवारी 1761 हा दिवस ठाऊक नसेल. पण त्या दिवशीं धारातीर्थीं पडलेल्या विश्वासरावांची आठवण तिच्या घरानें या श्लेषांत अडीचशेंहून अधिक वर्षें जपली आहे. नवे शब्दही असेच घडतात. आजच्या पलूस तालुक्यांतील कुंडल हें 1943 ते 1946 या काळांतील सातारच्या प्रतिसरकाराचें प्रमुख केंद्र. गांवगुंडांच्या व सरकारी खबऱ्यांच्या तळपायांवर बसणारे फटके लोकांनीं पाहिले, आणि 'प्रति'चें 'पत्री' केलें. धाक आणि कौतुक, दोन्ही त्या एका शब्दांत उतरलीं.

म्हणींचे संग्रह झाले नाहींत असें नाहीं. मॅनवारिंग यांचा संग्रह 1899 सालीं इंग्रजी भाषांतरासह निघाला. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' 1942 व 1947 सालीं दोन विभागांत प्रसिद्ध झाला. परंतु कोशांत अर्थ मिळतो, प्रसंग मिळत नाहीं. म्हण कोणी, कोणास, हसून कीं रागानें ऐकविली, हें घरांतच कळतें.

युरोपांत याचा दारुण प्रत्यय आला. तेथील ज्यूंची यिद्दिश भाषा घरगुती म्हणींनीं समृद्ध होती. इग्नात्स बर्नस्टाइन यांनीं 1908 सालीं वॉर्सा येथें सुमारें 4000 म्हणी व वाक्प्रचार छापून काढले. पुढें दुसऱ्या महायुद्धांत नाझींनीं सुमारें 60 लाख ज्यूंचा संहार केला. त्यांत बहुसंख्य यिद्दिशभाषी होते. ग्रंथ उरला, त्या म्हणी बोलणारीं असंख्य घरें उरलीं नाहींत.

आपल्या म्हणींवर असें संकट नाहीं; त्या गेल्या तर केवळ आपल्या अनास्थेनें जातील. तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांस एकदां अवश्य विचारावें, 'ही म्हण आपण कोणाकडून ऐकलीत, आणि त्या दिवशीं काय झालें होतें?' आडांत पाणी आहे तोंवरच पोहरा सोडावयास हवा.