जीएचआरएचआर : वाढीचा निरोप ऐकणारे जनुक

जीएचआरएचआर हे मानवाच्या सातव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील जनुक. पोष ग्रंथीच्या, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातील पिट्युटरीच्या, पुढच्या भागात वृद्धी हॉर्मोन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या पेशींच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या एका ग्राही प्रथिनाची घडण हे जनुक ठरवते. मेंदूतील अधोथॅलॅमस या भागातून येणारे जीएचआरएच नावाचे चेतापेप्टाइड हॉर्मोन या ग्राहीला येऊन चिकटते आणि त्यानंतरच पेशी वृद्धी हॉर्मोन रक्तात सोडते. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, तर मूल जन्मताना जवळजवळ नेहमीच्या लांबीचे असते, बुद्धीनेही इतरांसारखेच असते, मात्र त्याची उंची पुढे रखडते. जगात अन्यत्र विरळ असणारा हा दोष भारतीय उपखंडात, विशेषतः पश्चिम भारतात, आनुवंशिक वृद्धी हॉर्मोन-उणिवेचे एक प्रमुख कारण आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या बालरोगतज्ज्ञाला हे नाव केवळ पुस्तकात ठेवून चालत नाही.

रचना : या जनुकात १३ एक्झॉन, म्हणजे अंतिम संदेशात राहणारे तुकडे, आहेत. त्यांपासून ४२३ ॲमिनो अम्लांची साखळी तयार होते. तिच्या सुरुवातीची २२ ॲमिनो अम्ले प्रथिनाला पेशीपटलाकडे नेण्यापुरती असतात आणि नंतर कापली जातात. उरलेली साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. अशा सात फेऱ्यांच्या ग्राहींचे मोठे कुटुंब आहे. त्यातील ज्या लहान शाखेत जीएचआरएचआर मोडते, तिच्यात सिक्रेटिन, ग्लुकागॉन, व्हीआयपी यांसारख्या पेप्टाइड हॉर्मोनांचे ग्राही येतात. या शाखेची खूण म्हणजे पेशीबाहेर लोंबणारा लांब अग्रभाग. हॉर्मोनाचे शेपटाकडचे टोक आधी या अग्रभागाच्या पकडीत येते आणि मग डोक्याकडचे टोक सात फेऱ्यांच्या मधल्या पोकळीत शिरते. पहिली पायरी ओळखीची, दुसरी कृतीची. जीएचआरएच स्वतः ४४ ॲमिनो अम्लांचे असले तरी त्याच्या पहिल्या २९ ॲमिनो अम्लांत पूर्ण क्रियाशीलता असते. हॉर्मोन चिकटलेल्या आणि आतून जी-प्रथिनाला जोडलेल्या अवस्थेतील ग्राहीची बारीक रचना २०२० मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने प्रसिद्ध झाली.

कार्य : ग्राही जागे झाले की पेशीच्या आतील बाजूचे उत्तेजक जी-प्रथिन कामाला लागते. ते ॲडेनिलिल सायक्लेज या एंझाइमाला चालना देते आणि पेशीत चक्रीय एएमपी या रेणूचे प्रमाण वाढते. पुढे तीन गोष्टी घडतात. पेशीत कॅल्शियम शिरते आणि साठवलेले वृद्धी हॉर्मोन बाहेर पडते. नव्या हॉर्मोनासाठी त्याच्या जनुकाचे वाचन वाढते. आणि वृद्धी हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींची संख्याही वाढते. पहिल्या दोन परिणामांची चर्चा नेहमी होते. तिसरा मात्र रुग्णाच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा, कारण ग्राही जन्मापासून निकामी असेल तर या पेशी पुरेशा तयारच होत नाहीत. एमआरआय तपासणीत अशा बहुतेक मुलांच्या पोष ग्रंथीचा पुढचा भाग लहान दिसतो तो यामुळे. उलट बाजूचा पुरावाही स्पष्ट आहे. वृद्धी हॉर्मोन ओतणाऱ्या पोष ग्रंथीच्या गाठींपैकी बऱ्याच गाठींत याच उत्तेजक जी-प्रथिनात असा बदल झालेला असतो, की ते निरोप न येताही सतत चालू राहते. हात-पाय आणि जबडा रुंदावत जाणारा ॲक्रोमेगाली हा विकार त्यातून होतो. एकाच मार्गात एका जागी अडथळा आला तर शरीर खुजे राहते आणि पुढच्या जागी गळती लागली तर ते अवास्तव वाढते.

वृद्धी हॉर्मोन रक्तात संथ धारेने येत नाही. ते लाटांनी येते आणि त्यांतील मोठी लाट रात्रीच्या गाढ झोपेच्या सुरुवातीला असते. जीएचआरएच या लाटा उठवते, तर अधोथॅलॅमसातूनच येणारे सोमॅटोस्टॅटिन त्या दाबते. जठरातून स्रवणाऱ्या घ्रेलिनचे ग्राही वेगळे आहे आणि तेही वृद्धी हॉर्मोन वाढवते. मात्र जीएचआरएचआर निकामी असलेल्या व्यक्तींना घ्रेलिनसारखे काम करणारे हेक्झारेलिन टोचून पाहिले, तेव्हा वृद्धी हॉर्मोन वाढले नाही. म्हणजे घ्रेलिनचा रस्ताही बव्हंशी याच ग्राहीच्या आधाराने चालतो. अशा रुग्णांच्या रक्तात वृद्धी हॉर्मोन अत्यल्प असते, तरी त्या अत्यल्प प्रमाणातही लाटा दिसतात; लाटांचा ताल केवळ जीएचआरएच ठरवत नाही, हे त्यावरून कळले.

शोध : अधोथॅलॅमसातील पेप्टाइडे वेगळी काढण्यासाठी रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांच्या स्पर्धक प्रयोगशाळांनी लाखो मेंढ्या-डुकरांच्या मेंदूंचे तुकडे गोळा केले होते. १९७७ चे नोबेल पारितोषिक त्यांना रोझलिन यॅलो यांच्यासह मिळाले. जीएचआरएच मात्र या मार्गाने हाती लागेना. मेंदूत ते फार थोडे असते. अखेर १९८२ मध्ये ते सापडले ते स्वादुपिंडाच्या गाठींत. ॲक्रोमेगाली झालेल्या काही मोजक्या रुग्णांत मूळ बिघाड पोष ग्रंथीत नव्हता. स्वादुपिंडाची गाठ जीएचआरएच भरपूर तयार करून पोष ग्रंथीला अखंड डिवचत होती. त्या गाठींतून सॉल्क संस्थेतील गिलेमिन यांच्या गटाने, तसेच तिथल्याच ज्याँ रिव्हिए आणि वायली व्हेल यांच्या गटाने जवळजवळ एकाच वेळी हॉर्मोन वेगळे केले. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, केली मेयो यांनी ग्राहीच्या जनुकाची प्रत मिळवल्याचे प्रसिद्ध केले.

ग्राहीचा अर्थ उलगडायला एक उंदीर आधीपासून तयार होता. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९७६ मध्ये आयकर आणि बीमर यांनी ‘लिटल’ नावाच्या खुज्या उंदरांचे वर्णन केले होते. १९९३ मध्ये दिसून आले, की त्यांच्या ग्राहीत साठाव्या जागी ॲस्पार्टिक अम्लाऐवजी ग्लायसीन आहे. एवढ्या फरकाने ग्राही हॉर्मोनाला धरूच शकत नाही. हे उंदीर कमी मेदाच्या आहारावर इतरांपेक्षा सुमारे चौथा हिस्सा जास्त जगतात आणि त्यामुळे वार्धक्याच्या अभ्यासकांनाही त्यांचे आकर्षण आहे. माणसाबाबत मात्र तसा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याचे कारण पुढे ब्राझीलच्या संदर्भात येईल.

मानवातील दोष : १९९६ मध्ये वाज्नराज्च आणि सहकाऱ्यांनी नात्यात विवाह झालेल्या एका भारतीय मुस्लिम कुटुंबात या जनुकातील पहिले मानवी उत्परिवर्तन दाखवले. तिसऱ्या एक्झॉनमध्ये जीएजी या त्रिकुटाचे टीएजी झाले होते. एका अक्षराच्या या बदलाने ७२ व्या जागी ग्लुटामिक अम्ल येण्याऐवजी साखळीच थांबते. पेशीपटलात शिरणारा भाग तयारच होत नाही, त्यामुळे उरलेल्या तुकड्याचा काहीही उपयोग नसतो. लवकरच पाकिस्तानातील सिंध प्रांतात हेच उत्परिवर्तन मिळाले. हिरालाल माहेश्वरी आणि गेर्हार्ड बाउमान यांनी तेथील खेड्यांतील १८ खुज्या व्यक्तींचा अभ्यास केला. प्रौढ पुरुषांची सरासरी उंची सुमारे १३० सेंमी, तर स्त्रियांची ११३ सेंमीच्या आसपास होती. शरीर प्रमाणबद्ध, आवाज बारीक, तारुण्य उशिरा, पण बुद्धी व्यवस्थित. श्रीलंकेतील एका कुटुंबातही तोच बदल दिसला. एकमेकांशी नाते माहीत नसलेल्या उपखंडातील तीन कुटुंबांच्या जनुकाभोवतालच्या खुणा २००३ मध्ये ताडून पाहिल्या, तेव्हा त्या जुळल्या. म्हणजे हा दोष प्रत्येक ठिकाणी नव्याने उपजलेला नाही. कोणा एका जुन्या पूर्वजाकडून तो आला आणि सीमा आखल्या जाण्याच्या कितीतरी आधी पसरला.

अशा रुग्णांची दुसरी मोठी वस्ती ब्राझीलमध्ये सर्जिपी राज्यातील इताबायनिन्हा येथे आहे. एकाच घराण्याच्या पिढ्यांतून शंभराहून अधिक खुज्या व्यक्ती तिथे आढळल्या. तिथला दोष वेगळा आहे : पहिल्या इंट्रॉनच्या, म्हणजे दोन एक्झॉनांमधील गाळल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, सुरुवातीच्या अक्षरात बदल झाल्याने जनुकाचा संदेश नीट जोडला जात नाही. १९९९ पासून रोबेर्तो साल्व्हातोरी आणि मानुएल आगियार-ओलिव्हेरा यांनी या लोकांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याच्या तोडीचे काम या विषयात दुसरे नाही. त्यांतील बहुतेकांना उपचार मिळालेले नव्हते, त्यामुळे वृद्धी हॉर्मोनाविना सबंध आयुष्य कसे जाते हे प्रथमच कळले. पोटावर चरबी वाढते, एलडीएल कोलेस्टेरॉल जास्त असते; तरीही रोहिणीकाठिण्य अकाली येत नाही आणि इन्सुलिनला शरीर उत्तम प्रतिसाद देते. त्यांना मुले होतात. विसाव्या वर्षापुढे पोचलेल्यांचे आयुर्मान इतरांइतकेच असते, पण लहानपणी व पौगंडावस्थेत, विशेषतः मुलींत, मृत्यू जास्त आढळले. म्हणून उंदराचे दीर्घायुष्य माणसाच्या खात्यावर मांडता येत नाही.

या दोषाचा वारसा अप्रभावी असतो. एकच प्रत बिघडलेल्या आईवडिलांची उंची सर्वसाधारण असते आणि त्यांना आपण वाहक आहोत याची कल्पनाही नसते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक शक्यता दोष उतरण्याची. नात्यातील लग्नांत दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. ही गोष्ट एका धर्मापुरती नाही. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांत रूढ आहे.

पश्चिम भारतातील स्थिती : मुंबईच्या बालअंतःस्राव तज्ज्ञ मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पश्चिम भारतातील कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका घरात एकाहून अधिक मुलांना वृद्धी हॉर्मोनाची उणीव असलेल्या या कुटुंबांत ७२ व्या जागेचे तेच उत्परिवर्तन पुन्हापुन्हा आढळले. नंतरच्या भारतीय अभ्यासांनीही त्याला दुजोरा दिला आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की आपल्याकडे केवळ वृद्धी हॉर्मोनाची तीव्र उणीव असेल, पोष ग्रंथीचा मागचा भाग आपल्या जागी असेल आणि आईवडील नात्यातील असतील, तर जनुकीय तपासणीची सुरुवात याच एका अक्षरापासून करणे शहाणपणाचे ठरते.

निदान इथे उशिरा होते याला कारण आहे. मूल हुशार असते, खेळकर असते, अंगाने बेढब नसते. ‘बापही असाच होता, दहावीनंतर एकदम ताड झाला’ असे घरातले वडीलधारे सांगतात आणि वर्षे जातात. पण उंचीचा एकच आकडा पुरेसा नसतो, उंची वाढण्याचा वेग पाहावा लागतो. चार वर्षांच्या पुढचे मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढते. चारच्या आत राहत असेल तर तपासायलाच हवे. त्यासाठी भारतीय मुलांचे स्वतःचे वाढ-आलेख उपलब्ध आहेत. पुण्याच्या वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने तयार झालेले ५ ते १८ वर्षांचे आलेख भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये स्वीकारले. शाळेत भिंतीवर मोजपट्टी लावून दर सहा महिन्यांनी उंची लिहून ठेवली, तरी यातील बरीच मुले वेळेत नजरेस येतील. पुढे डाव्या हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय, वृद्धी हॉर्मोनाच्या प्रभावाने तयार होणाऱ्या आयजीएफ-१ चे रक्तातील प्रमाण, उत्तेजन देऊन मोजलेले वृद्धी हॉर्मोन, एमआरआय आणि अखेर जनुकाची तपासणी असा क्रम असतो.

उपचार : ग्राहीच नसल्यामुळे जीएचआरएच किंवा त्याच्या २९ ॲमिनो अम्लांच्या कृत्रिम रूपाचा, सर्मोरेलिनचा, या मुलांना उपयोग होत नाही. ग्राही शाबूत असलेल्यांत मात्र त्या जातीची औषधे चालतात. टेसामोरेलिन हे त्यांपैकी एक, एचआयव्ही बाधितांच्या पोटात साठणाऱ्या चरबीसाठी अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झाले. काही कर्कपेशींवरही या ग्राहीची रूपे दिसतात, म्हणून हे ग्राही रोखणारे रेणू बनवण्यात शॅली यांनी उत्तरायुष्य घालवले. ते काम प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांपर्यंत पोचले आहे.

मुलांसाठी इलाज वृद्धी हॉर्मोन हाच. ते पूर्वी मृतांच्या पोष ग्रंथींतून काढत. त्यातून काहींना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा रोग झाल्याचे कळताच १९८५ मध्ये ती पद्धत बंद पडली आणि जनुकीय तंत्राने बनवलेले हॉर्मोन आले. ते रोज रात्री त्वचेखाली टोचायचे असते आणि हाडांची टोके जुळेपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे, चालू ठेवायचे असते. खर्च मोठा आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सिद्ध झालेल्या वृद्धी हॉर्मोन-उणिवेचा समावेश आहे, हे पालकांना सांगण्याची जबाबदारी निदान करणाऱ्या डॉक्टरने घ्यायला हवी. उपचाराचे फळ तो किती लवकर सुरू झाला यावर अवलंबून असते. त्यामुळे एका मुलात उत्परिवर्तन सापडले, की धाकट्या भावंडांची आणि चुलत-मावस-आतेभावंडांतील ठेंगण्या मुलांची तपासणी लगेच करावी. थोरल्याचे निदान दहाव्या वर्षी झाले असले, तरी धाकट्याचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी होऊ शकते आणि त्याला वाढीची सगळी वर्षे उपचाराखाली मिळतात.