ऐ वतन मेरे वतन (चित्रपट)

ऐ वतन मेरे वतन हा २०२४ साली प्रदर्शित झालेला हिंदी ऐतिहासिक चित्रपट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत गुप्तपणे चालविण्यात आलेले ‘काँग्रेस रेडिओ’ हे केंद्र आणि त्याच्या एक संस्थापक उषा मेहता यांच्यावर तो आधारित आहे. दिग्दर्शन कन्नन अय्यर यांचे असून चित्रपट २१ मार्च २०२४ रोजी प्राइम व्हिडिओवर प्रदर्शित झाला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’ ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रमुख नेत्यांना अटक झाली आणि वृत्तपत्रांवरील निर्बंधांमुळे आंदोलनाच्या बातम्या दडपल्या जाऊ लागल्या. ही कोंडी फोडण्यासाठी २२ वर्षांच्या उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर प्रक्षेपण सुरू केले. राममनोहर लोहिया यांचे त्यांना साहाय्य होते. विदर्भातील आष्टी-चिमूर येथील घटनांचे वृत्तही या केंद्राने दिले. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपणाची जागा वारंवार बदलली जाई. अखेर एका तंत्रज्ञाने पोलिसांना माहिती दिल्यामुळे १२ नोव्हेंबर रोजी गिरगावातील पारेखवाडीत छापा पडला.

विशेष न्यायालयातील खटल्यात बाबूभाई खाखर यांना पाच, उषा मेहता यांना चार व चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व नानक मोटवाने निर्दोष सुटले.

कलाकार

- सारा अली खान – उषा मेहता
- इम्रान हाश्मी – राममनोहर लोहिया
- सचिन खेडेकर – उषा यांचे वडील
- स्पर्श श्रीवास्तव – फहाद
- अभय वर्मा – कौशिक

इतिहास आणि चित्रपट

उषा मेहता यांचे वडील ब्रिटिश राजवटीत न्यायाधीश होते, हा तपशील चित्रपटात कायम आहे. मात्र फहाद व कौशिक ही पात्रे काल्पनिक आहेत. खटल्यातील प्रत्यक्ष सहकाऱ्यांची जागा त्यांनी घेतल्याने, सर्वाधिक शिक्षा भोगणारे खाखर यांच्यासारखी नावे प्रेक्षकांस अपरिचित राहतात. त्यामुळे केंद्राच्या इतिहासाचा अभ्यास करताना चित्रपटास खटल्याच्या माहितीची जोड देणे आवश्यक ठरते.

उषा मेहता १९४६ साली येरवडा कारागृहातून मुक्त झाल्या. पुढे त्यांनी मुंबईत राज्यशास्त्राचे अध्यापन केले. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण प्रदान करण्यात आले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.